सॅलडच्या नावातलं मीठ

"डॉक्टर, रोज रात्री सॅलड खातो, तरी बीपी खाली येत नाही." ही तक्रार मी दवाखान्यात बरेचदा ऐकतो. सॅलडवर काय घालता, असं विचारलं की उत्तर येतं : मीठ, चाट मसाला आणि बाटलीतलं ड्रेसिंग. या तिन्हींत मीठ आहे!

गंमत म्हणजे मीठ या पदार्थाच्या नावातच आहे. लॅटिनमध्ये 'साल' म्हणजे मीठ, त्यावरून सॅलड हा शब्द आला. प्राचीन रोममध्ये कच्चा पाला मीठ, तेल आणि व्हिनेगर लावून खात. मिठाने पाल्याचा कडवटपणा कमी जाणवतो.

पुढे १६९९ साली इंग्लंडमध्ये जॉन एव्हलिन यांनी सॅलडवर एक अख्खं पुस्तकच लिहिलं. त्याचं नाव 'असिटेरिया'. हा शब्द मात्र 'असेटम', म्हणजे व्हिनेगर, यावरून आलेला. म्हणजे नावात मिठाची जागा आंबटाने घेतली! भाजी निवडा, धुवा, चाळणीत निथळा, स्वच्छ फडक्यात हलकेच झटका, असं ते सांगतात. ड्रेसिंगचं त्यांचं प्रमाण : तीन भाग ऑलिव्ह तेल, एक भाग व्हिनेगर किंवा लिंबू-संत्र्याचा रस.

यातल्या बऱ्याच गोष्टींचं कारण आज आपल्याला सांगता येतं. गाजर-टोमॅटोतलं कॅरोटीन आणि पालेभाज्यांतलं के जीवनसत्त्व तेलात विरघळतं, म्हणून थोडं तेल असलं की ते शरीरात नीट शोषलं जातं. आंबट चव असली की मीठ कमी लागतं. आणि न धुतलेल्या कच्च्या भाजीतून टायफॉइड, कावीळ, जंत होऊ शकतात.

आपली कोशिंबीरही हेच करते : लिंबू, कोथिंबीर, वरून तेलाची फोडणी.

आता चौघांसाठी घरचं ड्रेसिंग करून पाहा. तीन चमचे शेंगदाण्याचं किंवा ऑलिव्ह तेल, एक-दोन चमचे लिंबाचा रस, बारीक चिरलेली मूठभर कोथिंबीर, थोडा पुदिना, एक ठेचलेली लसूण पाकळी आणि मिरपूड. झाकणाच्या बरणीत घालून हलवा. वाहत्या पाण्याखाली धुतलेल्या काकडी, गाजर, टोमॅटो, कांद्यावर जेवायला बसतानाच घाला. आधी चव बघा, मगच मिठाची चिमूट.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका छोट्या चमच्यापेक्षा, कमी मीठ खावं. लोणचं, पापड, फरसाण सगळं त्यातच आलं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर भाज्यांचं प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि सॅलड सुरू केलं म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करू नका.

सॅलडच्या नावात मीठ आहे, ते नावातच राहू द्या.