डेटनचा दुरुस्तीखाना : विमानाआधीची पंधरा वर्षे

१/
नोव्हेंबर १९०३. उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूत, एका लाकडी छपराखाली दोन भाऊ अडून बसले होते. इंजिन सुरू केले की पंख्यांना फिरवणारी दातेरी चाके आपल्या दांड्यांवर सैल होत. कितीही आवळले तरी पुन्हा सैल. अखेर त्यांनी सायकलचे टायर रिमवर चिकटवण्याचा कडक गोंद काढला, तापवून तो आट्यांमध्ये वितळवला आणि चाके पुन्हा बसवली. यावेळी ती हलली नाहीत.

२/
तो गोंद त्यांच्या सायकल दुकानातला नेहमीचा. विल्बर आणि ऑर्व्हिल राइट यांची कथा सहसा १७ डिसेंबर १९०३ च्या बारा सेकंदांपासून सुरू होते. त्या बारा सेकंदांमागे ओहायो राज्यातील डेटन शहरातला एक दुरुस्तीखाना उभा होता. तो एका दिवसात सजला नव्हता. पंधरा वर्षे, एकेक अवजार करीत तो वाढला. हा धागा त्या दुरुस्तीखान्याचा.

३/
आरंभ घरातून झाला. वडील मिल्टन राइट हे धर्मोपदेशक, पुस्तकांत रमणारे. हातांचे कसब मुलांना मिळाले ते आईकडून. सुझान राइट ही बग्गी-गाड्या बांधणाऱ्या कारागिराची मुलगी. वडिलांच्या कामशाळेत तिने अवजारे हाताळलेली. घरातल्या किरकोळ वस्तू ती स्वतः बनवी. मुलांसाठी बर्फावरची घसरगाडीही तिनेच केली. १८८९ साली क्षयाने तिचे निधन झाले. त्या वेळी विल्बर बावीस वर्षांचा होता, ऑर्व्हिल सतरा.

४/
ऑर्व्हिलला छपाईचा नाद होता. विकतचे यंत्र परवडत नव्हते, म्हणून दोघा भावांनी ते घरीच जुळवले. सपाट, जड पाया हवा होता. त्यासाठी थडग्यावरचा एक टाकाऊ दगड कामी आला. दाब सर्वत्र सारखा पडावा म्हणून जुन्या बग्गीच्या घडीच्या छपराचे सांधे बसवले. उरलेला सांगाडा जळाऊ लाकडांचा. शिकागोहून आलेल्या एका जाणत्या छपाईवाल्याने खाली वाकून ते यंत्र न्याहाळले आणि ते चालते खरे, पण कसे चालते हे मात्र उमगत नाही, अशी कबुली दिली, असे सांगतात.

५/
याच उद्योगातून १८८९ साली ‘वेस्ट साइड न्यूज’ हे छोटे स्थानिक पत्र निघाले. १८९२ मध्ये दोघांनी हॉथॉर्न स्ट्रीटवरील आपल्या घराला स्वतःच्या हातांनी ओसरी जोडली. तिचे खांब लेथवर कातलेले होते. लोखंड, लाकूड, मोजमाप, सांधा: एका विषयात कमावलेला हात दुसऱ्या विषयात वापरण्याची सवय येथे लागली. पुढची सारी कथा याच सवयीची आहे.

६/
१८९० च्या दशकात अमेरिकेवर सायकलचे वेड स्वार झाले. दोन्ही चाके सारख्या आकाराची, हवेच्या टायरची नवी सायकल आता कोणालाही चालवता येण्याजोगी झाली होती. १८९२ च्या अखेरीस राइट बंधूंनी सायकलविक्रीचे आणि दुरुस्तीचे दुकान थाटले. पुढच्या काही वर्षांत त्यांनी अनेकदा जागा बदलली. १८९६ पासून ते स्वतःच्या सायकली घडवू लागले. त्यांतल्या एका सायकलचे नाव ‘व्हॅन क्लीव्ह’. डेटन वसवणाऱ्या आद्य कुटुंबांपैकी एकाचे, आणि राइटांच्या पूर्वजांचेही.

७/
दुरुस्ती आणि निर्मिती यांत मोठे अंतर असते. पंक्चर काढायला हातातली अवजारे पुरतात. सायकल घडवायची तर नळ्या जोडाव्या लागतात, तुंबे कातावे लागतात, भोके अचूक पाडावी लागतात. म्हणून दुकानात लेथ आला, ड्रिल प्रेस आला. १८९७ मध्ये बिऱ्हाड ११२७, वेस्ट थर्ड स्ट्रीट येथील दुमजली इमारतीत हलले: पुढे विक्रीची खोली, मागे यंत्रांची, वर आणखी जागा.

८/
यंत्रे फिरवायची कशाने? बंधूंनी जळाऊ वायूवर चालणारे एक सिलिंडरचे इंजिन स्वतःच आखले आणि घडवले. त्याची शक्ती छताखालून जाणाऱ्या एका लांब शाफ्टला मिळे आणि तेथून पट्ट्यांद्वारे खालच्या यंत्रांना. सायकल दुकानाची सोय म्हणून केलेले हे काम. मात्र विमानासाठी पेट्रोलचे इंजिन बनवण्याची वेळ आली, तेव्हा स्फोटाच्या शक्तीवर चालणारे एक यंत्र ही माणसे वर्षानुवर्षे रोज सुरू करीत आली होती, ही गोष्ट विसरता येत नाही.

९/
सायकलचा धंदा हंगामी असतो. वसंत आणि उन्हाळा धावपळीचा. शरद ऋतूपासून हिवाळ्यापर्यंत दुकान सुस्त. या रिकाम्या महिन्यांत त्यांचे उड्डाणाचे प्रयोग बसले आणि त्यांचा खर्च सायकलींच्या नफ्यातून निघाला. १८९६ साली जर्मनीचा ऑटो लिलिएन्थाल हा ग्लायडरवीर अपघातात मरण पावला, तेव्हापासून दोघांचे वाचन वाढले होते. १८९९ मध्ये विल्बरने स्मिथसोनियन संस्थेला पत्र लिहून या विषयावरील साहित्य मागवले.

१०/
त्याच वर्षी दुकानात एक क्षुल्लक प्रसंग घडला. सायकलची ट्यूब ज्या लांबट खोक्यात येते ते रिकामे खोके विल्बरच्या हातात होते. बोलता बोलता त्याने त्याची दोन टोके विरुद्ध दिशांना पिळली. खोके पिळले गेले, पण मोडले नाही. दोन मजली पंख असेच पिळता आले, तर एका बाजूला उचल वाढेल, दुसऱ्या बाजूला घटेल आणि यंत्राचा तोल हवेत सावरता येईल. उड्डाण-नियंत्रणाचे सूत्र गल्ल्यावरच्या पुठ्ठ्यातून निघाले.

११/
१९०० आणि १९०१ मध्ये किटी हॉकला ग्लायडर नेले. १९०१ च्या ग्लायडरने घोर निराशा केली: हिशेबाने जेवढी उचल मिळायला हवी होती, तिच्या जेमतेम तृतीयांश मिळाली. त्या काळी सर्वमान्य असलेली हवेच्या दाबाची कोष्टके त्यांनी वापरली होती. आता प्रश्न असा, की चूक यंत्रात आहे की कोष्टकांत? उत्तर समुद्रकाठी मिळणार नव्हते. ते डेटनला परतले.

१२/
आधी एका सायकलच्या हँडलसमोर त्यांनी तिसरे चाक आडवे, मोकळे फिरणारे असे बसवले. त्यावर एकीकडे सपाट पट्टी, दुसरीकडे वक्र पंखाचा तुकडा. ही सायकल ते डेटनच्या रस्त्यांवरून जोरात पळवीत आणि कोणता तुकडा कोणाला मागे रेटतो ते पाहत. कोष्टके संशयास्पद आहेत एवढे यातून कळले. अचूक आकडे हवे होते. त्यासाठी वारा घरात आणणे भाग होते.

१३/
प्रथम स्टार्चच्या एका खोक्यात वारा सोडून पाहिला. मग सहा फूट लांब, सोळा इंच चौरस अशी लाकडी पेटी बांधली, वरून आत पाहायला काच. पंखा फिरे तो दुकानातल्या त्याच वायू-इंजिनावर आणि त्याच शाफ्टवर. आतले नाजूक तराजू करवतीच्या जुन्या पात्यांचे आणि सायकलच्या स्पोकच्या तारेचे. पंखांचे छोटे नमुने पत्र्यातून कापलेले.

१४/
इथे अवजारांइतकीच शिस्त कामाला आली. प्रयोग चालू असताना खोलीतली मोठी वस्तू हलवायची नाही आणि निरीक्षकाने दर वेळी त्याच जागी उभे राहायचे, कारण माणसाच्या हालचालीनेही हवेचा प्रवाह बदलतो. १९०१ च्या अखेरच्या काही आठवड्यांत सुमारे दोनशे नमुने तपासले गेले. यातून पंखांच्या आकाराची नवी कोष्टके तयार झाली. त्यांवर आधारलेला १९०२ चा ग्लायडर हवा तसा उडाला.

१५/
या सगळ्यात दुकान कोण चालवीत होते? जून १९०१ मध्ये, आठवड्याला अठरा डॉलर पगारावर, चार्ली टेलर नावाचा यंत्रकारागीर कामाला लागला. बंधू किटी हॉकला गेले की सायकलींची दुरुस्ती आणि दुकानाची देखरेख त्याच्याकडे. धाकटी बहीण कॅथरीन शाळेत शिकवी आणि घराबरोबरच भावांच्या गैरहजेरीत दुकानाच्या कारभारावरही लक्ष ठेवी. चार्लीशी तिचे अनेकदा खटके उडत. महान शोधांच्या चरित्रांत असली घरगुती भांडणे सहसा येत नाहीत.

१६/
१९०२ च्या अखेरीस इंजिन हवे होते: हलके, आणि आठ अश्वशक्तीचे तरी. इंजिन बनवणाऱ्या अनेक कंपन्यांना पत्रे गेली. हवे तसे इंजिन कोणाकडूनच मिळेना. तेव्हा काम चार्लीकडे आले. पेट्रोल इंजिनाशी त्याचा संबंध यापूर्वी एकदाच आला होता, एक मोटारगाडी दुरुस्त करण्याच्या प्रयत्नात. रीतसर आराखडे नव्हतेच. तिघे एखाद्या भागाविषयी बोलत, कोणीतरी कागदाच्या चिटोऱ्यावर तो रेखाटी आणि चार्ली ते चिटोरे आपल्या कामाच्या टेबलावर टोचून ठेवी.

१७/
क्रँकशाफ्टचे उदाहरण पाहावे. चार्लीने पोलादाचा सुमारे शंभर पौंडांचा ठोकळा घेतला आणि त्यावर शाफ्टची आकृती आखली. ड्रिल प्रेसवर त्या रेषेलगत एकापुढे एक भोके पाडत गेला, मग छिन्नी-हातोड्याने नको असलेले पोलाद तोडून काढले. उरलेला ओबडधोबड आकार लेथवर कातून नेमका केला. शेवटी हाती आला तो एकोणीस पौंडांचा शाफ्ट. यंत्रे दोनच, लेथ आणि ड्रिल प्रेस. बाकी हातांची कमाई.

१८/
दुरुस्तीखान्याला आपली मर्यादाही ठाऊक होती. इंजिनाचे ॲल्युमिनियमचे अंग डेटनमधल्याच ओतशाळेतून ओतून आणले. पंखे फिरवणाऱ्या साखळ्या इंडियानापोलिसच्या साखळी-कारखान्यातून मागवल्या. घरी चांगले होईल ते घरी करायचे, इतर गोष्टी जाणत्याकडून घ्यायच्या. साखळी आणि दातेरी चाकांनी शक्ती वाहून नेण्याची कल्पना मात्र थेट सायकलवरून उतरलेली होती.

१९/
सहा आठवड्यांत इंजिन उभे राहिले. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी सुरू असताना पेट्रोल ठिबकून बेअरिंग अडकले आणि इंजिनाचे अंगच फुटले. नवे ओतकाम एप्रिलमध्ये आले. पुन्हा जुळवाजुळव. अखेरच्या रूपात त्याने सुमारे बारा अश्वशक्ती दिली, हव्या होत्या त्याच्या दीडपट.

२०/
आता दुकानच अपुरे पडू लागले. यंत्राच्या पंखांचा विस्तार चाळीस फुटांहून अधिक. संपूर्ण विमान तेथे उभे करणे अशक्य. नुसता मधला भाग जोडला तरी पुढच्या आणि मागच्या खोलीतली वाट अडली. पुढे गिऱ्हाईक आले, की बाजूच्या दाराने बाहेर पडून वळसा घालून जावे लागे. जगातले पहिले इंजिनचलित विमान आकार घेत होते आणि त्याच वेळी पुढच्या खोलीत कोणी टायरची किंमत विचारत होते.

२१/
सप्टेंबरअखेर सामान खोक्यांत भरून किटी हॉकला गेले. तेथे पंख्यांचे दांडे पिळवटले. दुरुस्तीसाठी ते डेटनला चार्लीकडे पाठवले गेले. ते परत आल्यावर चाके सैल झाली. तेव्हाच आरंभी सांगितलेला गोंद उपयोगी पडला. मग एका दांड्याला तडा गेला. ३० नोव्हेंबरला ऑर्व्हिल स्वतः निघाला, डेटनच्या दुकानात पोकळ नळ्यांऐवजी भरीव पोलादी दांडे बनवले आणि ११ डिसेंबरला परतला.

२२/
तो डेटनमध्ये असताना, ८ डिसेंबरला, स्मिथसोनियनचे सचिव सॅम्युअल लँग्ली यांचे विमान पोटोमॅक नदीत कोसळले. त्यांना युद्धखात्याने पन्नास हजार डॉलर दिले होते आणि त्यांच्या इंजिनाची शक्ती बावन्न अश्वशक्ती होती. राइटांचा सारा खर्च, प्रवासासह, हजार डॉलरांच्या आत होता. येथे गरिबी जिंकली असे म्हणणे सोपे आहे, पण अपुरे. लँग्लींचे इंजिन उत्कृष्ट होते. त्यांच्याकडे नव्हते ते पंखांचे विश्वसनीय आकडे आणि हवेत तोल सावरण्याचा सराव. या दोन्ही गोष्टी डेटनने हिवाळ्यामागून हिवाळा खर्चून मिळवल्या होत्या.

२३/
१७ डिसेंबरला चार उड्डाणे झाली. पहिले बारा सेकंदांचे, एकशे वीस फुटांचे. चौथे एकोणसाठ सेकंदांचे, आठशे बावन्न फुटांचे. ज्याच्या हातचे इंजिन त्या दिवशी धडधडले, तो चार्ली टेलर तेथे नव्हता. तो डेटनमध्ये दुकान सांभाळत होता.

२४/
विल्बर १९१२ साली विषमज्वराने गेला. पुढच्या वर्षी, मार्च १९१३ मध्ये, डेटनला महापुराने वेढले. घरामागच्या छपरीत ठेवलेल्या काचेच्या निगेटिव्ह पाण्यात बुडाल्या. पहिल्या उड्डाणाच्या जगप्रसिद्ध छायाचित्राची निगेटिव्ह त्यातून वाचली, एक कोपरा गमावून.

२५/
१९३० च्या दशकात हेन्री फोर्ड यांनी ते सायकल दुकान विकत घेतले आणि मिशिगनमधील आपल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयात नेले. मांडणी मूळचीच हवी होती. कोणते यंत्र कुठे होते, पट्टा कुठून कुठे जाई, हे सांगणार कोण? शोध घेतला तेव्हा चार्ली टेलर कॅलिफोर्नियातल्या एका विमान कारखान्यात सामान्य यंत्रकारागीर म्हणून राबताना सापडला. त्यानेच जुनी यंत्रे हुडकायला आणि दुकान पुन्हा लावायला मदत केली. १६ एप्रिल १९३८ रोजी, विल्बरच्या जन्मदिनी, ते खुले झाले.

२६/
ऑर्व्हिलने मृत्युपत्रात चार्लीसाठी वर्षाला आठशे डॉलरांची तजवीज केली होती. उतारवयात तेवढ्यावर भागेना. चार्ली रुग्णालयाच्या धर्मार्थ विभागात आहे हे कळल्यावर विमान उद्योगातील लोकांनी निधी उभारून त्याची सोय केली. ३० जानेवारी १९५६ रोजी तो गेला. आठ वर्षांपूर्वी ऑर्व्हिल गेला होता, तीच तारीख. आज अमेरिकेत पन्नास वर्षे विमानांच्या देखभालीत घालवणाऱ्या कारागिरांना त्याच्या नावाने सन्मान दिला जातो.

२७/
ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये ते दुकान आजही पाहता येते: पुढे सायकली, मागे लेथ, ड्रिल प्रेस आणि छताखालचा शाफ्ट. यांतली एकही वस्तू विमानासाठी म्हणून घेतलेली नव्हती. लेथ सायकलीसाठी आला, इंजिन लेथसाठी झाले, वाऱ्याची पेटी त्या इंजिनावर चालली आणि विमान त्या पेटीतल्या आकड्यांवर उडाले.