शेणखताच्या मातीतलं औषध

डाळिंबवाल्यांना 'स्ट्रेप्टो' म्हणजे काय हे सांगायची गरज नाही. पानावर तेलकट ठिपका दिसला, फळाला एल नाहीतर वाय आकाराची चीर पडली, की तेल्या आला. आणि तेल्या आला की गडी दुकानात जाऊन ६ ग्रॅमची पुडी मागणार. त्या पुडीत ९० टक्के स्ट्रेप्टोमायसिन सल्फेट आणि १० टक्के टेट्रासायक्लिन असतं. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, टीबीच्या रोग्याला रोज जी सुई टोचायचे ती याच स्ट्रेप्टोमायसिनची. आज फवारणीचं प्रमाण लिहीत नाही. हे औषध कुठून आलं आणि त्याचं पुढं काय झालं, तेवढं लिहितो. गोष्ट आपल्याच धंद्यातली आहे.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात रटगर्स नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या कृषी महाविद्यालयात सेलमन वाक्समन हे मातीतल्या जिवाणूंचे प्राध्यापक होते. डॉक्टर नव्हेत, मातीवाले. शेणखत कुजतं कसं, पालापाचोळ्याचा ह्युमस होतो कसा, यात त्यांची हयात गेली. त्यांचा खास अभ्यास ॲक्टिनोमायसिटीस या जिवाणूंचा. हे असतात जिवाणूच, पण बुरशीसारखे धागे सोडतात. चांगल्या कुजलेल्या खतात पांढुरकी राखाडी भुकटी दिसते ना, तिच्यात यांचा वाटा मोठा. मृगाच्या पहिल्या सरीला रानातून जो वास उठतो, तोही बराचसा यांचाच. त्या वासातल्या मुख्य द्रव्याला 'जिओस्मिन' हे नाव पडलं १९६५ मध्ये, आणि तेही रटगर्समध्येच.

मुठीएवढ्या मातीत कोट्यवधी जीव राहतात, खायला थोडं आणि खाणारे फार. मग एकमेकांना मारायला ते रसायनं सोडतात, असा विचार होता. वाक्समन यांचेच जुने विद्यार्थी रने द्युबो यांनी १९३९ मध्ये मातीतल्या जिवाणूपासून असं एक द्रव्य काढून दाखवलं. त्यानंतर वाक्समन यांच्या प्रयोगशाळेनं मातीचे नमुने चाळायचा सपाटाच लावला. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन सापडलं, पण ते भयंकर विषारी. १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन सापडलं, त्यानं जनावरांच्या मूत्रपिंडाला इजा व्हायची. रोगजंतू मरतो पण रोगीही मरतो, असलं औषध काय कामाचं!

तेव्हा पेनिसिलिन नुकतंच आलं होतं, पण क्षयावर ते चालत नव्हतं. क्षयरोग्याला उपाय म्हणजे चांगली हवा, दूध-अंडी आणि पडून राहणं. आपल्याकडेही मिरजेजवळ वानलेसवाडीला असंच सॅनिटोरियम होतं.

१९४३ मध्ये अल्बर्ट शात्झ नावाचा २३ वर्षांचा पोरगा वाक्समन यांच्याकडे काम करत होता. शेतकरी कुटुंबातला. शेतीच करायची म्हणून मृदाशास्त्र शिकलेला. पगार महिन्याला ४० डॉलर. क्षयाचा जिवंत जंतू हाताळायचा म्हणून त्याला तळघरातली खोली दिली होती. रात्री ऊर्ध्वपातन चालू असायचं तेव्हा तो काचेच्या भांड्यावर लाल रेघ मारून ठेवायचा आणि पातळी रेघेवर आली की मला उठव, असं रखवालदाराला सांगून तिथंच झोपायचा. हे त्यानंच पुढं सांगितलंय.

ऑक्टोबर १९४३ मध्ये त्याला पाहिजे तो जिवाणू सापडला, स्ट्रेप्टोमायसेस ग्रिसियस. एकदा नव्हे, दोनदा. एक वाण भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला आणि दुसरा कोंबडीच्या घशातला. घशातला नमुना पोल्ट्रीच्या रोगांवर काम करणाऱ्या डोरिस जोन्स या सहविद्यार्थिनीनं दिला होता. म्हणजे टीबीचं पहिलं खरं औषध उकिरड्याच्या वाटेनं आलं म्हणायचं.

पुढच्या जानेवारीत निबंध छापला, त्यावर शात्झ, एलिझाबेथ बगी आणि वाक्समन अशी तीन नावं. पेटंटवर मात्र दोनच, बगीबाईंचं नाव गाळलं. औषधाचे पैसे येऊ लागल्यावर वाक्समनना स्वामित्वधनाचा वाटा मिळतोय हे शात्झला उशिरा कळलं. १९५० मध्ये त्यानं आपल्याच गुरूवर दावा लावला. तडजोड झाली, सहसंशोधक म्हणून त्याचं नाव मान्य झालं, ३ टक्के वाटा मिळाला. वाक्समनना १० टक्के. पण १९५२ चं नोबेल एकट्या वाक्समनना दिलं गेलं. मला विचाराल तर दोघांशिवाय ते झालं नसतं. पण तळघरात रात्री काढणाऱ्याला बाजूला सारलं, हे काही बरं झालं नाही.

आता मुख्य मुद्दा. ब्रिटनमध्ये १९४७ मध्ये या औषधाची रीतसर चाचणी सुरू झाली. १०७ रोगी. ५५ जणांना स्ट्रेप्टोमायसिन आणि विश्रांती, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं. (आपल्या विद्यापीठांच्या चाचणी प्लॉटात वाफे असेच वाटून देतात. ती पद्धत आधी शेतीतच रुजली, मग दवाखान्यात गेली.) सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ दगावले, नुसत्या विश्रांतीवाल्यांपैकी १४. जगभर वाहवा झाली.

पण त्याच रोग्यांची पाच वर्षांनी गणती झाली तेव्हा औषधवाल्या ५५ पैकी ३२ गेले होते, आणि दुसऱ्या ५२ पैकी ३५. सुरुवातीचा फायदा जवळजवळ धुऊन निघाला होता.

कारण आपल्याला समजायला सोपं आहे. एकच तणनाशक वर्षानुवर्षं मारलं की जे तण मरत नाही तेच बी धरतं, आणि चार हंगामांत सगळं रान त्याचंच होतं. फुप्फुसातही तसंच झालं. कोट्यवधी जंतूंत थोडे जन्मतःच औषधाला दाद न देणारे होते. बाकीचे मेले, यांना मोकळं रान मिळालं. मग 'पास' नावाचं दुसरं औषध जोडीला दिलं तेव्हा हे बरंचसं थांबलं. क्षयाला एकटं औषध द्यायचं नाही, हा नियम तिथून आला.

इकडं पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. आधी पेनिसिलिन, पुढं १९६० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन. तिथं माती चाळायचं कामही चालायचं. डॉ. तिरुमलाचार यांच्या गटानं हामायसिन हे बुरशीनाशक शोधलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना. आपल्या पिंपरीचं नाव असं शास्त्रात गेलंय. आपल्या फवारणीतली 'स्ट्रेप्टोसायक्लिन' ही पुडीदेखील याच कारखान्याची.

शेतात स्ट्रेप्टोमायसिन मारायला सुरुवात अमेरिकेतच झाली, १९५० च्या दशकात, सफरचंद आणि नासपतीवरच्या फायर ब्लाइट या जिवाणूजन्य रोगावर. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नासपतीच्या बागांत औषधाला न जुमानणारा जंतू सापडला. फुप्फुसात घडलं तेच बागेत घडलं, फक्त उशिरा.

आमच्या भागात काय चालतं ते बघतो ना मी. करप्यावर स्ट्रेप्टो, भुरीवर स्ट्रेप्टो, काहीच कळत नसेल तरी टाकीत एक पुडी. अहो, भुरी ही बुरशी आहे, तिला हे औषध लागू पडत नाही. ती पुडी तुमच्या रोगाला काहीच करत नाही, पण मातीतल्या नि पानावरच्या जिवाणूंना मात्र शिकवण देते. हे गुण जिवाणू एकमेकांना देऊ शकतात, एका जातीचा दुसऱ्या जातीला. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतल्या स्ट्रेप्टोमायसिन-टेट्रासायक्लिनवर बंदीचा मसुदा काढला, त्यात २०२४ पासून वापर पूर्ण बंद असं म्हटलं होतं. डाळिंबवाले चिडले, आणि त्यांची चीड मला कळते. तेल्यानं बागाच्या बागा उपटायला लावल्यात. पण बहार धरताना विश्रांती, छाटणीची कात्री दर झाडाला निर्जंतुक करणं, रोगट फळं-पानं बागेबाहेर नेऊन जाळणं, निरोगी रोपं, बोर्डो, हे सगळं टाळून नुसत्या पुडीवर बाग वाचलेली मी पाहिलेली नाही.

नवीन औषधांचा शोध थांबलेला नाही, आणि तो पुन्हा मातीतच चाललाय. अडचण अशी की मातीतले बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेच्या बशीत वाढतच नाहीत. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या किम लुईस आणि स्लाव्हा एपस्टाइन यांच्या मंडळींनी वेगळी युक्ती केली. बारीक भोकांच्या पट्टीत एकेक जिवाणू ठेवायचा, दोन्ही बाजूंनी पातळ पडदा लावायचा आणि पट्टी परत मातीतच पुरायची. जिवाणूला वाटतं आपण घरीच आहोत, आणि तो वाढतो. त्यातून २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन जाहीर झालं. प्रयोगशाळेत त्यानं क्षयाचा जंतूही मारला. ते अजून दवाखान्यात पोचलेलं नाही. ज्या मातीतून ते निघालं, ती मेन राज्यातल्या एका गवताळ रानातली होती.