उशिरा आलेला शब्द

इंटरनेटवरून पत्र जाते, चित्र जाते, पैसा जातो आणि माणसाचा आवाजही जातो. हे सारे एकाच रीतीने जात असावे, असा आपला समज असतो. वस्तुतः तसे नाही.

विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या अमेरिकी संशोधकांनी १९७४ च्या मे महिन्यात एक निबंध प्रसिद्ध केला. निरनिराळी संगणकजाळी परस्परांशी कशी जोडावीत, याची रीत त्यात होती. तिलाच पुढे टीसीपी हे नाव रूढ झाले. संदेशाची लहान लहान पाकिटे करायची, त्यांवर क्रमाची खूण घालायची, पलीकडून पोचपावती मागवायची. ती वेळेत न आली तर तेच पाकीट पुन्हा धाडायचे आणि ते पोचेपर्यंत मागाहून आलेली सारी दारातच थांबवून ठेवायची. हिशेबाच्या कागदाला याहून चोख व्यवस्था कोणती? एक शून्य गळले तर केवढा अनर्थ!

परंतु बोलण्याला हा चोखपणा मानवेना. कॅलिफोर्नियातील इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूट या संस्थेत डॅनी कोहेन हे संशोधक त्या काळी जाळ्यावरून माणसाचा आवाज धाडण्याचे प्रयोग करीत होते. श्रोतेहो, आपण हे भाषण ऐकत असता मध्येच खरखर होऊन माझा एखादा शब्द बुडाला, तर आपण तो संदर्भाने जुळवून घ्याल. पण त्या एका शब्दासाठी मी पुढले सारे भाषण अडवून धरले, तर आपण यंत्र बंद कराल, आणि ते योग्यच होईल! उशिरा आलेल्या शब्दापेक्षा हरवलेला शब्द परवडतो, हेच कोहेन यांचे म्हणणे होते.

ते मान्य झाले. १९७८ च्या प्रारंभी एका बैठकीच्या वेळी सर्फ, कोहेन आणि जॉन पोस्टेल यांच्यात टीसीपीचे दोन भाग करण्याचे ठरले. पत्ता पाहून पाकीट पुढे ढकलण्याचे काम आयपीकडे गेले. पोचपावतीचा कारभार टीसीपीकडे राहिला. ज्यांना हा कारभार नको, त्यांच्यासाठी पोस्टेल यांनी २८ ऑगस्ट १९८० रोजी यूडीपीची रीत लिहून काढली. ती अवघ्या तीन पानांची! टीसीपीच्या पाकिटावरचा मजकूर किमान वीस बाइटांचा, तर यूडीपीचा केवळ आठ.

मग ज्याने त्याने आपापली वाट निवडली. टपालाने टीसीपी धरला, मागाहून वेबनेही तोच. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता सांगणारी व्यवस्था रचली. तिची नित्याची चौकशी यूडीपीवरून चालते. एका प्रश्नाला एक उत्तर. त्यासाठी टीसीपीचे आरंभीचे तीन पाकिटांचे नमस्कारचमत्कार कशाला? उत्तर न आल्यास पुन्हा विचारता येते. बोलण्याने अर्थातच यूडीपी जवळ केला.

मौज पुढेच आहे. वेबच्या एकाच पानात अनेक चित्रे असतात आणि एका हरवलेल्या पाकिटापायी ती सारीच खोळंबतात. यावर गूगलने २०१२ च्या सुमारास क्विक नावाची रीत रचावयास घेतली. तिच्यात प्रत्येक प्रवाह स्वतंत्र. एक अडला तरी दुसरा वाहतो. पण जाळ्यातली मधली अनेक यंत्रे टीसीपी आणि यूडीपीखेरीज तिसऱ्याला वाटच देत नाहीत. म्हणून क्विक यूडीपीच्या पाठीवर बसविण्यात आली, आणि पोचपावत्यांचा हिशेब दोन्ही टोकांच्या संगणकांवरील आज्ञावलींनी सांभाळला. २०२२ च्या जूनमध्ये तिच्यावर आधारलेल्या एचटीटीपी-३ ला अधिकृत मान्यता मिळाली.