शब्द १९७८ चा, पाटी १९९४ ची

निवडणूक लागली की उमेदवार बौद्ध वस्तीत येतो, विहारात फुलं वाहतो, ‘जय भीम’ म्हणतो. जुन्या बाया ऐकून घेतात, पण हो म्हणत नाहीत. त्यामागं आपल्या मराठवाड्याचा इतिहास आहे.

बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादेत कॉलेज काढलं. गोरगरिबांची लेकरं तिथं शिकली. १९५८ ला विद्यापीठ झालं आणि पुढं त्याला बाबासाहेबांचं नाव द्या, ही मागणी आली. जुलै १९७८ मध्ये शरद पवार मुख्यमंत्री झाले. २७ जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला.

ठराव झाला मुंबईत, घरं जळाली इकडं. परभणी, नांदेड, बीडच्या गावांत वस्त्यांवर हल्ले झाले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळेंचा जीव घेतला. सरकारनं अंमलबजावणी थांबवली. पवारांपुढं पेच होता: नाव द्यावं तर गावातला मोठा समाज नाराज, न द्यावं तर ज्यांना शब्द दिला ते दुरावणार. पण पेच पुढाऱ्याचा होता, राख झाली ती वस्तीतल्या चुलीची. हा फरक मला मोठा वाटतो.

मग १९७९ ला जोगेंद्र कवाडे यांनी नागपूरहून लाँग मार्च काढला. वर्षं गेली, मुख्यमंत्री बदलले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. पवार तेव्हा पुन्हा मुख्यमंत्री होते. १४ जानेवारी १९९४ ला नाव लागलं, तेही ‘मराठवाडा’ शब्द ठेवून, म्हणून नामविस्तार. त्याच वर्षी नांदेडला वेगळं विद्यापीठ निघालं. आपल्या सोनपेठच्या पोरींच्या पदवीवर स्वामी रामानंद तीर्थांचं नाव असतं ते त्यामुळं.

सोळा वर्षांनी पाळलेल्या शब्दाला मतं किती मिळणार? १९९५ ला काँग्रेस २८८ पैकी ८० जागांवर आली. नामविस्तारामुळं इतर समाज रागावला, असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. महागाई, दंगली, बंडखोरी यांचं नाव कमी निघालं.

१९९८ च्या लोकसभेला मात्र काँग्रेसनं नुसती मतं मागितली नाहीत, रिपब्लिकन नेत्यांसाठी जागा सोडल्या. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले आणि तेच जोगेंद्र कवाडे, चौघंही खुल्या मतदारसंघांतून निवडून आले. म्हणजे वस्तीबाहेरच्यांनीही त्यांना मतं दिली. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, रिपब्लिकन गट पांगले, आणि चौघांतले दोघंच पुन्हा लोकसभेत पोचले.