पाण्यावरची रेघ

बंदरात नांगरलेल्या कोणत्याही मोठ्या मालवाहू जहाजाच्या अंगावर, लांबीच्या साधारण मध्यावर, एक वर्तुळ रंगवलेले दिसते. त्या वर्तुळाच्या मधोमध एक आडवी रेघ गेलेली असते. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी काही आखूड रेघा असतात आणि त्यांच्यापुढे एकदोन इंग्रजी अक्षरे. जहाजात माल चढू लागला की पाणी या रेघांकडे सरकते. ठरलेली रेघ पाण्याला टेकली की माल चढवणे थांबवायचे, एवढाच तिचा अर्थ.

क्षणभरही न टिकणाऱ्या गोष्टीला आपण 'पाण्यावरची रेघ' म्हणतो. जहाजावरची ही रेघ उलट टिकावी म्हणून काढलेली आहे, आणि ती काढायला माणसाला फार वेळ लागला. वस्तू पाण्यावर का तरंगते याचे गणित इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात मांडले गेले, पण ही रेघ सक्तीची झाली १८७६ मध्ये. ज्ञान होते, जहाजे होती, आणि जहाजे बुडतही होती. मग मधली दोन हजार वर्षे कुठे गेली?

आर्किमिडीज हे नाव काढले की न्हाणीघरातून 'युरेका' ओरडत धावत सुटलेला माणूस आठवतो. ही गोष्ट आर्किमिडीजच्या उपलब्ध लेखनात नाही. ती सांगितली व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने, आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. राजाच्या सोन्याच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली का, हे मुकुटाने सांडलेल्या पाण्यावरून ओळखले, असे ती सांगते. जरा हिशेब करून पाहू. एक किलो शुद्ध सोने सुमारे ५२ घन सेंटिमीटर जागा व्यापते. त्यातले ३० टक्के सोने काढून तेवढ्याच वजनाची चांदी घातली तर मुकुट सुमारे ६५ घन सेंटिमीटरचा होईल. फरक फक्त १३ घन सेंटिमीटरचा. वीस सेंटिमीटर व्यासाच्या भांड्यात त्यामुळे पाण्याची पातळी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी चढेल. बाविशीतल्या गॅलिलिओला १५८६ मध्ये हीच गोष्ट खटकली. इतकी ढोबळ रीत आर्किमिडीजला शोभत नाही, असे म्हणून त्याने एका नाजूक तराजूचे वर्णन लिहिले. वस्तू हवेत तोलायची, मग पाण्यात बुडवून तोलायची, आणि वजन किती घटले ते पाहायचे.

आर्किमिडीजचे खरे काम 'तरंगणाऱ्या वस्तूंविषयी' या त्याच्या ग्रंथात आहे. त्यातला मुख्य नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. द्रवात बुडालेली वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतक्या बलाने द्रव तिला वर ढकलतो. लोखंडाचा खिळा बुडतो आणि लोखंडाचे जहाज तरंगते ते यामुळेच. जहाजाच्या पोटात बहुतांशी हवा असते, त्यामुळे लोखंड, माल आणि हवा यांची मिळून सरासरी घनता पाण्यापेक्षा कमी राहते. माल भरत जावा तशी ही सरासरी वाढते, जहाज खाली बसते आणि जास्त पाणी बाजूला सारून नवा तोल साधते. ते किती खाली बसू द्यायचे, याबद्दल निसर्ग काहीच बोलत नाही. काठापर्यंत बसलेले जहाजही नियमाने तरंगतच असते. पहिली मोठी लाट येईपर्यंत.

शिवाय तरंगणे वेगळे आणि उभे राहणे वेगळे. त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या भागात आर्किमिडीजने कललेली वस्तू पुन्हा सरळ केव्हा होते याचा विचार केला होता, पण जहाज बांधणाऱ्यांच्या हाती हे गणित फार उशिरा आले. १० ऑगस्ट १६२८ रोजी स्वीडनची 'वासा' ही नवी कोरी युद्धनौका स्टॉकहोम बंदरातून निघाली. चौसष्ट तोफांचे वजन वरच्या बाजूला होते आणि तळाशी घातलेले नीरम, म्हणजे जहाज स्थिर ठेवणारे दगडांचे वजन, त्या मानाने अपुरे. त्याआधी तीस माणसांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतके डोलू लागले की चाचणीच मध्येच थांबवली. तरी जहाज निघाले, कारण राजाला घाई होती. सुमारे तेराशे मीटरवर वाऱ्याच्या एका झोताने ते कलले, तोफांच्या उघड्या झरोक्यांतून पाणी आत शिरले, आणि ते तळाला गेले. तीसएक माणसे मेली. चौकशी झाली, शिक्षा कोणालाच झाली नाही. कललेल्या जहाजाचा तोल मोजण्याचे शास्त्र फ्रेंच गणिती पिएर बुगे याने १७४६ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गणिताची बाजू बरीचशी पुरी झाली होती. पुढची सव्वाशे वर्षे अडली ती हिशेबाच्या दुसऱ्या वहीपाशी.

एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश जहाजमालकाचे गणित सरळ होते. जितका माल जास्त तितके भाडे जास्त, आणि जहाज बुडालेच तर विमा आहे. जुनी, कुजकी जहाजे भरमसाट विमा उतरवून, काठोकाठ भरून समुद्रात सोडली जात. खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. करारावर सही केल्यानंतर अशा जहाजावर चढायला नकार देणारा खलाशी तुरुंगात जाई. लॉइड्सने १८३५ मध्ये खोलीच्या दर फुटामागे तीन इंच भाग पाण्यावर ठेवावा, अशी शिफारस केली होती, पण ती पाळायची की नाही हे मालकाच्या मर्जीवर होते.

सॅम्युअल प्लिम्सोल हा कोळशाचा व्यापारी. धंद्यात एकदा बुडून लंडनमध्ये गरिबी सोसलेला. पुढे डर्बीमधून तो पार्लमेंटवर निवडून गेला. भाररेषेची कल्पना मूळ त्याची नव्हती. न्यूकॅसलचा जेम्स हॉल हा जहाजमालकच त्याआधी तिचा आग्रह धरत होता. प्लिम्सोलने तिचे आंदोलन केले. १८७३ मध्ये त्याने खलाशांच्या बाजूने एक पुस्तक काढून देश हलवला. २२ जुलै १८७५ रोजी पंतप्रधान डिझरायली यांनी जहाजांविषयीचे विधेयक बाजूला ठेवल्याचे सांगताच भर सभागृहात प्लिम्सोलचा तोल सुटला. खलाशांना मरणाच्या दारी धाडणाऱ्यांना त्याने दुष्ट म्हटले. पुढे त्याला माफी मागावी लागली, पण जनमत त्याच्या बाजूने उसळले आणि पुढच्याच वर्षी कायदा झाला.

त्या कायद्यात एक मोठी फट होती. जहाजावर रेघ काढणे सक्तीचे झाले, पण ती कुठे काढायची हे मालकानेच ठरवायचे होते! एका कप्तानाने ती धुराड्यावर काढली, असा किस्सा सांगतात. रेघेची जागा ठरवण्याचा मालकाचा अधिकार जायला १८९० साल उजाडले. ब्रिटिश बंदरांत येणाऱ्या परदेशी जहाजांना ती १९०६ मध्ये लागू झाली, आणि त्याच वेळी नियम सैल करून ब्रिटिश जहाजांना थोडे अधिक खोल भरण्याची मुभाही मिळाली. ब्रिटिश आगबोटींवर तेव्हा रत्नागिरीकडचे खलाशी आणि गोव्याचे खानसामे हजारोंनी राबत होते. रेघ किती इंच वर-खाली होते, याचा संबंध कोकणातल्या घरांशीही होता. आंतरराष्ट्रीय करार पुढे १९३० मध्ये झाला आणि आज चालतो तो १९६६ चा.

त्या शिडीसारख्या रेघांचे कोडे आपल्या भातशेतीत सुटते. पेरणीआधी शेतकरी दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवून त्यात भाताचे बी टाकतो. पोचट बी तरंगते, ते काढून टाकतात. भरलेले बी तळाशी बसते. साध्या पाण्यात बुडाले असते असे काही हलके बीही मिठाच्या पाण्यात वर येते, कारण मिठाने पाण्याची घनता वाढते. समुद्रातही साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. गोड्या पाण्याचा एक घनमीटर हजार किलोचा, तर समुद्राच्या पाण्याचा सुमारे १०२५ किलोचा. दहा हजार टनांच्या जहाजाला नदीत दहा हजार घनमीटर पाणी सारावे लागते, समुद्रात ९,७५६ पुरते. म्हणून हुगळीत भरलेले जहाज बंगालच्या उपसागरात शिरले की आपोआप थोडे वर येते. गोड्या पाण्याची रेघ वेगळी, उन्हाळ्याची वेगळी, हिवाळ्याची वेगळी. हिवाळी उत्तर अटलांटिकची सर्वांत खाली, कारण तिथल्या लाटा सर्वांत क्रूर.

तरीही रेघ सर्व काही सांभाळत नाही, हे कोकणाला कोणी शिकवायला नको. १७ जुलै १९४७ च्या सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट वाटेतच उलटली. पावसाळी समुद्रात मोठी लाट आली, बोट कलली, घाबरलेले प्रवासी एका बाजूला गेले आणि तोल गेला, असे त्या दुर्घटनेचे वर्णन केले जाते. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य महिन्याच्या आत येऊन ठेपले असताना कोकणातल्या कितीतरी घरांत सुतक होते. माल बांधून ठेवता येतो, माणसे भीतीने हलतात. वासावर तीस माणसे मुद्दाम पळवली होती, इथे शेकडो जीव वाचवायला धावले. गणित तेच होते.

आज प्रवासी बोटीला माणसांचा आकडा ठरवून दिलेला असतो. तोही एक प्रकारची रेघच. आर्किमिडीजचा नियम मोडता येत नाही, तो पाळला जावा म्हणून कोणाला धक्क्यावर उभे राहावे लागत नाही. प्लिम्सोलची रेघ मात्र मोडता येते, सरकवता येते, धुराड्यावरही काढता येते. सणासुदीला घरी जाण्याच्या घाईत आणखी चार जण आत घेतले जातात, तेव्हा पाणी नेहमीप्रमाणे निमूटपणे तेवढेच बल लावते. नाही म्हणायचे काम माणसाचे असते.