हळद, स्नो आणि लिपस्टिक : साज कोणता, चैन कोणती?

१/
एखाद्या घरात महिनाभरात आलेल्या नव्या प्रसाधनांची यादी पाहावी : कुंकवाची डबी, काजळाची पेन्सिल, चेहऱ्याची पावडर, लिपस्टिक आणि हळदीचे क्रीम. पाचही वस्तू चेहऱ्यावर लावण्याच्याच. तरीही कुंकवावर कर शून्य, पावडरीवर ५ टक्के आणि लिपस्टिकवर १८ टक्के. हा भेद कुठून आला? त्याचे उत्तर मुंबईच्या शंभरेक वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे. त्या इतिहासाचा हा धागा.

२/
सुरुवात फणेरपेटीपासून. बाटल्या आणि बरण्या येण्यापूर्वी महाराष्ट्रातील खात्यापित्या घरांत स्त्रीचा साज या लाकडी पेटीत मावत असे. झाकणाच्या आत आरसा, खाली फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, काजळाची डबी. कपाळावर आधी मेणाचा ठिपका आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते घामाने ओघळत नसे. केसांना शिकेकाई आणि रिठा, सणासुदीला अंगाला उटणे.

३/
यातले पुष्कळ सामान घरीच तयार होई. एरंडेलाच्या किंवा तुपाच्या दिव्यावर भांडे उपडे धरून काजळी जमवायची आणि तुपात खलायची, झाले काजळ. कुंकवाचे मूळ द्रव्य हळद. हळदीवर टाकणखार, लिंबाचा रस यांची प्रक्रिया केली की पिवळ्याचा लाल रंग होतो. उटण्यातली पिवळी पूड आणि करंड्यातले लाल कुंकू ही एकाच हळकुंडाची दोन रूपे. ही हळद या धाग्यात पुन्हा भेटणार आहे.

४/
ही पेटी घरची असली, तरी ती उघडण्याचा अधिकार सर्व स्त्रियांना नव्हता. कुंकू हे सौभाग्याचे चिन्ह. पती वारला की ते पुसले जाई आणि ब्राह्मण व काही अन्य जातींत विधवेचे केशवपनही होई. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी हे काम न करण्याचा निर्धार केला, तो याच प्रथेविरुद्ध. साज हा आवडीचा प्रश्न होण्याआधी दर्जाचा प्रश्न होता.

५/
उघडउघड रंग लावण्याची जागा मात्र वेगळी होती : रंगभूमी. विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी संगीत नाटकांत स्त्रीभूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांचे (१८८८–१९६७) नेसणे, केशरचना आणि गजरे यांचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करू लागल्या. ज्या रंगभूषेला घरात मज्जाव होता, तिचे सौंदर्यसंस्कार एका पुरुष नटाच्या मार्फत माजघरापर्यंत पोहोचले. स्त्रीने स्वतः रंगमंचावर उभे राहून तेच केले असते, तर त्या काळी तिला तेवढा मान मिळता ना.

६/
याच सुमारास बाजारात नवी वस्तू स्थिरावली : स्नो. तिचे शास्त्रीय कूळ ‘व्हॅनिशिंग क्रीम’चे. स्टिअरिक आम्लाचा काही भाग अल्कलीने साबणात रूपांतरित करायचा आणि पाणी व ग्लिसरीन यांच्यासह घोटायचा. त्यातून मोत्यासारखी चकाकी असलेले पांढरे मलम तयार होते. चोळल्यावर ते दिसेनासे होते आणि चेहरा तेलकट दिसत नाही. उष्ण, दमट मुंबईला हे मलम मानवले यात नवल नाही. ‘हेझलीन स्नो’ आणि ‘पॉन्ड्स’ ही विलायती नावे आशियाभर पसरली होती.

७/
त्यांना मुंबईने दिलेले उत्तर म्हणजे ‘अफगाण स्नो’. राजपुतान्यातील झालरापाटणहून मुंबईत आलेल्या इब्राहिम सुलतानअली पाटणवाला यांनी १९१९ च्या सुमारास हे क्रीम बाजारात आणले. नावाशी अफगाणिस्तानच्या राजाची आख्यायिका जोडली जाते. पण ‘स्नो’ या शब्दाने आणखी एक गोष्ट विकली, ती म्हणजे बर्फासारखा शुभ्र वर्ण. वस्तू स्वदेशी झाली, तरी तिने दाखवलेले सौंदर्याचे माप गोरेपणाचेच राहिले. आज हा इतिहास कौतुकाने सांगताना ही बाजू झाकून चालत नाही.

८/
दुसरे उत्तर साबणाचे. कुलपांसाठी प्रसिद्ध असलेल्या अर्देशिर गोदरेज यांनी पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस वनस्पती तेलांपासून अंगाचा साबण तयार केला. विलायती साबणात जनावरांची चरबी असे, म्हणून सोवळ्याओवळ्याच्या घरांत त्याला दाराबाहेर ठेवले जाई. चरबी नसलेल्या साबणाने ही अडचण दूर केली. पुढे रवींद्रनाथ टागोरांनीही गोदरेजच्या साबणाची जाहिरात केली. अंग धुण्याची वडी आता राष्ट्रकार्यात सामील झाली होती.

९/
स्वदेशीने एक सोय केली. ‘हे नटणे आहे’ हा आक्षेप ‘हे देशी आहे’ या उत्तराने थोडा बोथट झाला. ‘कामिनिया ऑइल’सारखी केशतेले आणि ‘ओटो दिलबहार’सारखी अत्तरे जाहिरातींतून घरोघरी परिचित झाली. १९३० मध्ये शंकरराव किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक सुरू झाले आणि शिकलेल्या मराठी वाचक स्त्रियांचा एक वर्ग आकाराला आला. उत्पादकांना हवा असलेला ग्राहकही हाच होता.

१०/
१९४१ मध्ये लीला चिटणीस ‘लक्स’ साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. त्या जाहिरातीत दिसलेल्या त्या पहिल्या भारतीय अभिनेत्री मानल्या जातात. धारवाडच्या मराठी कुटुंबातील, पदवीधर आणि चित्रपटात काम करणारी स्त्री आता सभ्य घरातील न्हाणीघरासाठी आदर्श ठरत होती. एका पिढीपूर्वी हे अकल्पनीय होते.

११/
तरी भाषा सहजासहजी बदलली नाही. मराठीत कुंकू लावतात किंवा रेखतात, काजळ घालतात, उटणे लावतात. पावडर मात्र ‘फासतात’ नाहीतर ‘थापतात’. ‘स्नो-पावडर’ हा जोडशब्दच पुष्कळदा नाक मुरडून उच्चारला जाई. आधीच्या साजासाठी आदराचे क्रियापद आणि नव्यासाठी तुच्छतेचे, हा भेद कोणत्याही कायद्याच्या आधी भाषेने नोंदवून ठेवला होता.

१२/
पण नव्या वस्तूंत एक गुण होता. स्नोची बरणी विकत घेणारी स्त्री सधवा आहे की विधवा, कोणत्या जातीची आहे, हे दुकानदाराला विचारण्याचे कारण नव्हते. बरणी मागत होती ती फक्त किंमत. अर्थात हा अधिकारही सर्वांना सारखा नव्हता. पगारदार घरात महिन्याचा हिशेब बहुधा पुरुषाच्या हाती असे आणि त्यात तेल-मिठानंतर स्नोचा क्रम लागे. स्त्रीच्या साजावरचे जातीचे व रूढीचे नियंत्रण काहीसे सैल झाले, तसे पैशाचे नियंत्रण ठळक झाले.

१३/
स्वातंत्र्यानंतर हाच प्रश्न देशाच्या तिजोरीपाशी आला. परकीय चलन तुटपुंजे, यंत्रे आणि धान्य बाहेरून आणायचे. अशा वेळी लिपस्टिकवर चलन का खर्च करावे? आयातीवरील निर्बंधांच्या या काळात, १९५२ मध्ये, टाटा ऑइल मिल्स कंपनीने ‘लॅक्मे’ची स्थापना केली. पंडित नेहरूंनी जे. आर. डी. टाटांना तसे सुचवले होते, अशी कथा सांगितली जाते. सुरुवातीला रॉबेर पिगे आणि रेन्वार या फ्रेंच कंपन्यांचे सहकार्य होते.

१४/
नावाचा प्रवास तर फारच रोचक. १८८३ मध्ये पॅरिसमध्ये लिओ दलिब यांच्या ‘लॅक्मे’ या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला. त्याची नायिका भारतीय आणि ‘लॅक्मे’ हे ‘लक्ष्मी’चे फ्रेंच रूप. म्हणजे लक्ष्मी फ्रान्सला गेली, तेथे तिचे नाव बदलले आणि त्या परदेशी वाटणाऱ्या नावाने ती मुंबईत परतली. देशी कारखान्यातील वस्तूला विलायती वलय हवे होते. अफगाण स्नोच्या काळातील स्वदेशीचा सूर आता बदलला होता.

१५/
जिनिव्हात जन्मलेल्या आणि नवल टाटांशी विवाह करून मुंबईकर झालेल्या सिमोन टाटा १९६१ पासून लॅक्मेच्या संचालनात होत्या आणि १९८२ मध्ये त्या अध्यक्षा झाल्या. १९९० च्या दशकात टाटांनी लॅक्मे हिंदुस्तान लिव्हरच्या हाती सोपवली आणि ‘वेस्टसाइड’ दुकानांकडे लक्ष वळवले. तोपर्यंत लिपस्टिक ही नटीची खूण न राहता कचेरीत जाणाऱ्या स्त्रीच्या पर्समधील वस्तू झाली होती.

१६/
याच काळात राज्यसंस्थेने एक उपकारक कामही केले. १९४० चा कायदा मूळचा फक्त औषधांचा होता; १९६२ च्या दुरुस्तीने त्यात सौंदर्यप्रसाधने आली. रंगासाठी शिसे किंवा आर्सेनिक यांची संयुगे वापरण्यास नियमांनी बंदी घातली. घरच्या काजळावर विश्वास असे, कारण ते करणारे हात ओळखीचे असत. कारखान्याच्या डबीमागचे हात अनोळखी. त्यामुळे विश्वासासाठी कायदा आणि लेबल आवश्यक झाले.

१७/
आता पुन्हा हळद. परळच्या विको कंपनीने १९७० च्या दशकात हळद आणि चंदनतेलाचे क्रीम आणले. उत्पादन शुल्काच्या अधिकाऱ्यांनी विचारले, हे औषध की सौंदर्यप्रसाधन? प्रश्न शब्दांचा नव्हता. आयुर्वेदिक औषधावर शुल्क कमी, प्रसाधनावर बरेच जास्त. जाहिरातीच्या गाण्यानेही हे प्रसाधन नव्हे असे ठासून सांगितले आणि ते गाणे देशभर पाठ झाले. ते गाणे ऐकताना त्यामागे शुल्काचा वाद आहे, हे फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल.

१८/
खटला दशकानुदशके चालला. अखेर सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीची बाजू मान्य केली : हे आयुर्वेदिक औषधच. मात्र १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाला औषध मानण्यास नकार दिला होता. ग्रंथात घटकद्रव्ये असणे पुरेसे नाही, सामान्य माणूस त्या वस्तूकडे काय म्हणून पाहतो हे महत्त्वाचे, असा तो विचार होता. वस्तूचा वर्ग केवळ रसायनाने ठरत नाही, समाजाच्या नजरेनेही ठरतो, हे न्यायालयानेच नोंदवले.

१९/
१ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला. कुंकू, टिकली, सिंदूर आणि अळिता करमुक्त. काजळ करमुक्त, पण काजळाची पेन्सिल करपात्र. लिपस्टिकसारखी प्रसाधने आधी २८ टक्क्यांच्या सर्वोच्च गटात आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून १८ टक्क्यांत. डबीतले काजळ परंपरा, पेन्सिलीतले काजळ चैन! डोळ्यांत उतरणारा काळा रंग एकच.

२०/
या यादीतील विसंगती स्त्रियांनी लगेच पकडली. कुंकू-टिकली करमुक्त, मग सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के का? देशभर टीका झाली, न्यायालयांत याचिका गेल्या आणि जुलै २०१८ मध्ये तो कर रद्द झाला. सौभाग्यचिन्ह ही गरज, पण मासिक पाळीची निकड ही गरज नव्हे, हा यादीतला अध्याहृत अर्थ मोठ्याने वाचला गेला, तेव्हाच तो बदलला.

२१/
२२ सप्टेंबर २०२५ पासून पावडर, शाम्पू आणि केशतेल ५ टक्क्यांच्या गटात आले. लिपस्टिक १८ टक्क्यांतच राहिली. जी पावडर पूर्वी ‘फासली’ जाई, ती आता सरकारदरबारीही नित्योपयोगी ठरली. चैन आणि गरज यांमधील रेषा अशी सरकत राहते. पण ती आपोआप सरकत नाही. वापरणाऱ्यांची संख्या, व्यापाऱ्यांची चिकाटी आणि नागरिकांची तक्रार तिला सरकवतात.

२२/
महिन्याच्या त्या यादीतील हळदीकडे शेवटी पाहावे. उटण्यात ती घरगुती, करंड्यात सौभाग्याची, ट्यूबमध्ये न्यायालयाच्या निर्णयानुसार औषधी. द्रव्य तेच, बदलत गेला तो ते लावणाऱ्या स्त्रीविषयीचा समज. प्रसाधनांचा इतिहास बायकी किंवा किरकोळ म्हणून बाजूला ठेवला जातो. परंतु स्वदेशी, आयातबंदी, न्यायनिवाडे आणि करप्रणाली यांपैकी प्रत्येक टप्प्यावर स्त्रीची गरज कोणती हे बहुतांशी इतरांनीच ठरवले. ते ठरवण्यात तिचा स्वतःचा आवाज केव्हा आणि किती होता, हा प्रश्न या इतिहासाच्या केंद्रस्थानी आहे.

(समाप्त)