आद्याक्षरी नावे : शब्द म्हणून वाचावीत की अक्षरे सुटी उच्चारावीत?

इंग्रजी वृत्तसंस्थेकडून आलेल्या बातमीत एखाद्या संस्थेचे नाव चार रोमन अक्षरांत लिहिलेले असते. ते कसे उच्चारायचे हा प्रश्न इंग्रजी लेखक वाचकावर सोपवू शकतो, कारण दोन्ही उच्चारांसाठी त्या लिपीतले लेखन एकच असते. देवनागरीत ही मुभा नाही. ‘नाटो’ असे लिहिले की तो शब्द झाला आणि ‘एनएटीओ’ असे लिहिले की ती सुटी अक्षरे झाली. त्यामुळे मराठी बातमी लिहिणाऱ्याला उच्चाराचा निर्णय लेखणी टेकवतानाच घ्यावा लागतो, आणि निवेदक तो जसाच्या तसा श्रोत्यांपर्यंत पोहोचवतो.

सर्वसाधारण समजूत अशी की, अक्षरांमध्ये स्वर योग्य जागी आले तर शब्द तयार होतो आणि न आले तर अक्षरे सुटी राहतात. १९६९ साली स्थापन झालेली इस्रो, १९८२ ची नाबार्ड आणि १९८५ साली ढाका येथे जन्मलेली सार्क ही पहिल्या प्रकारची, तर सीबीआय, सीआरपीएफ व ओएनजीसी ही दुसऱ्या प्रकारची उदाहरणे होत. महाराष्ट्र शासनाच्या महामंडळांकडे पाहिले तरी हेच दिसते. १९६२ चे औद्योगिक विकास महामंडळ ‘एमआयडीसी’ राहिले, १९७० चे शहर व औद्योगिक विकास महामंडळ मात्र ‘सिडको’ झाले. १९७५ चे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ‘एमएमआरडीए’ या अवजड नावानेच ओळखले जाते. पण १९७७ चे गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण ‘म्हाडा’ झाले. यातले म्हाडाचे उदाहरण विशेष लक्षणीय आहे. आरंभीच्या दोन रोमन व्यंजनांच्या मध्ये स्वर नाही, आणि इंग्रजी जिभेला हा आरंभ अवघड जाईल. मराठीला मात्र म्हण, म्हैस, म्हातारा या शब्दांची सवय असल्याने ‘म्ह’ हा तिच्या घरचाच ध्वनी आहे. एखादे नाव उच्चारता येते की नाही, हे ते कोणत्या भाषेच्या तोंडी येते यावरही ठरते.

याचा आणखी स्पष्ट पुरावा १९९९ च्या महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायद्यात सापडतो. या कायद्याच्या पाच रोमन अक्षरांपासून हिंदी पत्रकारितेने ‘मकोका’ केला, तर मराठी वृत्तपत्रांत ‘मोक्का’ रूढ झाला. २००२ साली हा कायदा दिल्लीलाही लागू करण्यात आल्यापासून राजधानीतील बातम्या ‘मकोका’ घेऊन येतात आणि भाषांतरकाराला त्याचा ‘मोक्का’ करावा लागतो. दोन वेगळे कायदे असल्याचा श्रोत्यांचा समज होऊ नये, हा त्यामागील हेतू.

श्रीलंकेतील एलटीटीई या संघटनेचे नाव इंग्रजी वार्तापत्रांत अक्षरशः सुटे उच्चारले जात असे. हिंदी आणि मराठीने मात्र त्याचा ‘लिट्टे’ केला, आणि मे २००९ मध्ये या संघटनेचा पराभव होईपर्यंत तोच शब्द ठळक मथळ्यांत झळकत राहिला. तमिळमध्ये या संघटनेच्या लोकांना ‘पुलिगळ’ म्हणजे वाघ म्हटले जाई; ‘लिट्टे’ हा उच्चार ना तमिळ, ना सिंहली, ना इंग्रजी. सोयीपोटी घडलेला हा शब्द प्रस्तुत लेखकास कधीच रुचला नाही, परंतु रूढ झालेल्या नावाशी भांडून बातमी पुढे जात नाही, हेही तितकेच खरे.

देशी संक्षेपांचा न्याय वेगळा

देवनागरीतील प्रत्येक वर्णात स्वर अंतर्भूत असतो. त्यामुळे मराठी शब्दांची आद्याक्षरे एकत्र आणली की ती आपोआप उच्चारक्षम होतात, आणि शब्द की सुटी अक्षरे हा प्रश्नच उरत नाही. भाजप, माकप, शेकाप, मनसे, अभाविप, १९७८ चा पुलोद, २०१९ ची मविआ ही सारी नावे पहिल्या दिवसापासून शब्दच होती. येथे केवळ पहिले अक्षर नव्हे, तर त्याची मात्रा आणि अनुस्वारही सोबत येतो. ‘रिपाइं’मधील शेवटचा अनुस्वार ‘इंडिया’मधून आला आहे, आणि तो गाळणे हे अशुद्धलेखन ठरते.

हिंदी आणि मराठी यांच्यातील भेद येथे पुन्हा डोके वर काढतो. हिंदीत ‘पार्टी’ असल्याने भाजपा, माकपा, बसपा. मराठीत ‘पक्ष’ असल्याने भाजप, माकप, बसप. महाराष्ट्रात स्वतः पक्ष ‘भाजपा’ असे लिहितो, वृत्तपत्रे बहुधा ‘भाजप’ लिहितात. १९४९ साली स्थापन झालेला द्रविड मुन्नेत्र कळघम इंग्रजीत ‘डीएमके’, मराठीत ‘द्रमुक’, आणि खुद्द तमिळमध्ये ‘तिमुक’ असतो. आम आदमी पक्षाचे ‘आप’ मात्र देवनागरी आद्याक्षरांतून निघालेले नाही. ती रोमन अक्षरे शब्दासारखी वाचून झालेले नाव आहे. हिंदी बातमीत ‘आपने’ म्हणजे पक्षाने की समोरच्या व्यक्तीने, हे संदर्भावरूनच ओळखावे लागते. मराठीची त्यातून सुटका झाली आहे.

व्यक्तींच्या नावांतही मराठीने हीच वाट चोखाळली आहे. ग. दि. माडगूळकर हे ‘गदिमा’ झाले, व. पु. काळे ‘वपु’ झाले. पु. ल. देशपांडे यांचे ‘पुलं’ लिहिताना अनुस्वार द्यावा लागतो, कारण मराठीत शब्दाच्या अंती येणारा ‘अ’ उच्चारात लोप पावतो आणि नुसते ‘पुल’ लिहिल्यास नदीवरचा पूल डोळ्यांसमोर येईल.

सोप्या शब्दाची किंमत

शब्द म्हणून उच्चारलेले नाव लवकर पसरते, त्याचे समास होतात. १९७१ च्या ‘मिसा’ कायद्याखाली आणीबाणीत डांबलेल्यांना ‘मिसाबंदी’ म्हटले गेले. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांचा खटला ‘टाडा न्यायालया’त चालला. सुट्या अक्षरांना असा संसार थाटता येत नाही. परंतु हा सोपेपणा घातकही ठरू शकतो. एचआयव्ही हा विषाणू आहे आणि एड्स ही त्या संसर्गाची प्रगत अवस्था. पहिले नाव सुट्या अक्षरांचे, दुसरे एका श्वासात उच्चारता येणारे. परिणामी कित्येक वर्षे विषाणूची लागण झालेल्या प्रत्येकाला मराठी बातम्यांनी ‘एड्सग्रस्त’ ठरवले. औषधोपचार घेत नोकरी-संसार करणाऱ्या माणसावर हा शिक्का बसणे वैद्यकीयदृष्ट्या चूक होते, आणि त्याच्या शेजाऱ्यांच्या दृष्टीने फार महाग पडणारे होते. ‘एचआयव्हीबाधित’ हा शब्द जड वाटला तरी तोच लिहिणे आवश्यक आहे.

आपल्या लिपीत मोठी आणि लहान अक्षरे नाहीत, ही दुसरी अडचण. रोमन लिपीत ठळक मोठी अक्षरे पाहून वाचक सावध होतो. देवनागरीत ‘नोटा’ हा शब्द दिसला तर तो चलनाच्या नोटा आहे की मतदानयंत्रावरील ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय, हे कळण्यास मार्ग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१३ मधील निकालानंतर हा पर्याय उपलब्ध झाला. ‘मतदारसंघात नोटांचा प्रभाव’ असे वाक्य निवेदकाने वाचल्यास पैसेवाटपाचा आरोप केल्यासारखे होईल. विभक्ती तेवढी मदतीला येते : पर्याय असेल तर ‘नोटाला’, चलन असेल तर ‘नोटांना’. हा फरक निवडणूक निकालाच्या धावपळीत किती वेळा निसटतो, हे वृत्तकक्षात काम केलेल्यांना सांगायला नको.

१ जानेवारी २०१५ रोजी नियोजन आयोगाच्या जागी आलेल्या नीती आयोगाचे नावही असेच फसवे आहे. इंग्रजीतील चार आद्याक्षरांतून ते जाणीवपूर्वक भारतीय शब्दासारखे घडवले गेले. त्याला खरोखरचा शब्द समजून ‘धोरण आयोग’ असे भाषांतर करणे चूक ठरेल. जुलै २०२३ मध्ये बंगळुरू येथे विरोधी पक्षांनी घेतलेल्या ‘इंडिया’ या नावापुढे ‘आघाडी’ हा शब्द अपरिहार्यपणे जोडावा लागतो, अन्यथा देशाने देशाच्याच सरकारवर टीका केल्याचे ऐकू येते. ‘एसटी’ची गत तर सर्वांना परिचित आहे. ‘एसटीच्या मागण्यांवर आज बैठक’ म्हणजे परिवहन महामंडळाच्या कर्मचाऱ्यांची की आरक्षणाच्या प्रश्नावरची? येथे ‘अनुसूचित जमाती’ असे पूर्ण लिहिण्यास पर्याय नाही.

सुट्या अक्षरांच्या बाबतीत मराठीचा कल मूळ नाव भाषांतरित करण्याकडे आहे. डब्ल्यूएचओऐवजी ‘जागतिक आरोग्य संघटना’, आयएमएफऐवजी ‘आंतरराष्ट्रीय नाणेनिधी’. युनेस्को किंवा नाटो यांची पूर्ण नावे मात्र क्वचितच कोणी उच्चारते. लिंगही मनातील मराठी शब्दावरून ठरते : एफआयआर दाखल झाला, एसटी आली, एटीएम बंद पडले. मतदानयंत्रासोबतच्या ‘व्हीव्हीपॅट’मध्ये तर निम्मी अक्षरे सुटी आणि उरलेला शब्द, अशी तडजोड आहे. उच्चारात हिंदीची छाप टाळणे हे वेगळे पथ्य. हिंदीतील ‘आई’ आणि ‘वी’ ही अक्षरे मराठीत ‘आय’ आणि ‘व्ही’ असतात, म्हणून सीबीआय, टीव्ही.

जून २०२५ मध्ये निवडणूक आयोगाने बिहारमध्ये मतदारयाद्यांच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा आदेश दिला, तेव्हा तीन रोमन अक्षरांचे एक नवे नाव बातम्यांत आले. शब्द म्हणून वाचले तर ते ‘सर’ होते, आणि ‘सरमुळे नावे वगळली’ हे वाक्य ऐकून श्रोत्याला शाळेतले मास्तर आठवतील. त्यामुळे मराठीत ‘एसआयआर’ असेच लिहिले गेले. तरीही गावातल्या पारावर बातम्या ऐकणाऱ्या मतदाराला या तीन अक्षरांतून आपले नाव यादीत आहे की नाही, याचा काहीही बोध होत नाही. म्हणून प्रत्येक वार्तापत्रात, निदान पहिल्या उल्लेखाच्या वेळी, ‘मतदारयाद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण’ हे पूर्ण नाव वाचले जावे, मग त्यापायी शेवटची क्रीडावार्ता कापावी लागली तरी चालेल.